कालच गेलेली खोली

वेस्ट इंडीज म्हटलं की शारजात राहणाऱ्या आम्हाला आठवायचे ते इथल्या स्टेडियममधले फास्ट बोलर. तिकडची माणसं बोटीनं लंडनला गेली, तिथं बस चालवल्या, हॉस्पिटलांतल्या फरश्या पुसल्या आणि वर शिव्या खाल्ल्या, हे मला ऑफिसातल्या एका इंजिनिअरमुळे कळलं. त्याचे आईवडील बार्बाडोसचे, जन्म लंडनचा. तिकडच्या टीव्हीवरच्या मालिका तो टेप करून आणायचा. "माझ्या आईचीच गोष्ट समज," म्हणत त्यानं पिशवीभर कॅसेटी माझ्या हातात दिल्या.

त्यातलं इंग्रजी आम्हा नवराबायकोला अर्धंच कळायचं. म्हणून शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, जेवणं उरकली की आमची दहा वर्षांची लेक दोघांच्या मधे बसून अर्थ सांगायची. पोलीस एखाद्या निरपराध पोराला कोर्टात खेचायचे तेव्हा माझं टाळकं सणकायचं. "या गोऱ्यांची जातच तसली!" मी ओरडायचो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

अल नहदा भागातल्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली तेव्हा भाड्यानं द्यायची होती. आमच्यासारख्या बहुतेकांच्या घरात एखादं दुसरं कुटुंब असायचंच. खालच्या सुपरमार्केटच्या बोर्डावर मी चिठ्ठी लावली, 'फक्त महाराष्ट्रीयन फॅमिली'. एका सकाळी रत्नागिरीच्या एका गृहस्थाचा फोन आला. बायको आणि मुलगी नुकत्याच गावाहून आलेल्या, तिघं मेहुण्याच्या हॉलमध्ये पडदा लावून राहत होते. मराठी अस्सल, आडनावाच्या शेवटी 'कर'. आम्ही अर्धा तास आंब्या-फणसांवर बोललो. "संध्याकाळी या, खोली तुमचीच," मी म्हणालो.

ते आले. त्याला दाढी, बायकोला बुरखा. कोकणातल्या मुसलमानांची आडनावं आपल्यासारखीच असतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण फोनवर डोक्यातच आलं नाही. माझी लेक त्यांच्या मुलीचा हात धरून तिला खोलीत घेऊन गेली आणि खिडकीजवळ तुझा पलंग, म्हणून दाखवू लागली. तेवढ्यात मी म्हणालो, "सॉरी हं, खोली कालच गेली."

सकाळी दिलेली खोली काल कशी जाईल? पण त्यानं वाद घातला नाही. "बरं, हरकत नाही," म्हणाला आणि मुलीला हाक मारली.

पुढच्या शुक्रवारी नवी कॅसेट लावली. एक काळा तरुण फोनवर खोली ठरवतो. त्याचं बोलणं इतकं चोख की घरमालकीण खूश. मग तो दारात उभा राहतो, ती त्याच्या तोंडाकडे बघते आणि काहीतरी पुटपुटते.

"काय म्हणाली गं?" मी सवयीनं विचारलं.

"तुम्ही म्हणालात तेच," लेक म्हणाली. तिची नजर टीव्हीवरच होती.

बायको उठून किचनमध्ये गेली. मला इतकी लाज वाटली की कॅसेट थांबवायलाही हात उचलेना. त्या रत्नागिरीच्या गृहस्थाचा नंबर कॅलेंडरवर लिहिलेला होता. संध्याकाळी मी फोन लावला. "खोली आहे अजून. त्या दिवशी मी खोटं बोललो. तुम्ही या."

"जागा अजून मिळाली नाही आम्हाला. मिळेल, इन्शाल्ला," तो शांतपणे म्हणाला. "फोन केलात, बरं वाटलं. पण साहेब, आमची पोरगी लिफ्टमध्ये विचारत होती, माझं काही चुकलं का? तिला परत त्याच दारात कसा आणू?"

मी फोन ठेवला तेव्हा लेक मागेच उभी होती. खिडकीजवळचं तिचं खेळण्यांचं खोकं तिनं तोवर हलवलंसुद्धा होतं.

"आर दे कमिंग?"

"नाही."

"व्हाय?"

"ते मुसलमान आहेत म्हणून मी त्यांना नाही म्हणालो होतो."

खोकं उचलून तिनं पुन्हा जागेवर ठेवलं. त्यानंतर शुक्रवारी ती आमच्या मधे कधी बसली नाही. उरलेल्या कॅसेटी आम्ही दोघांनीच पाहिल्या, अर्ध्याच कळल्या.