दोन बोटं फेस

बिअर नीट कशी ओतावी हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची, मंचरजवळच्या पेठ गावातल्या आमच्या घराच्या ओट्यावरची.

आमचं लग्न जातीबाहेरचं. मी बौद्ध घरातला. बायको डिंभे धरणाच्या वरच्या डोंगरातल्या हिंदू घरातली. लग्नाला सहा वर्षं झाली तरी सासरे आमच्या घरी आले नव्हते. मुलीशी बोलणं त्यांनी तोडलं नव्हतं. मंचरच्या बाजारात भेटायचे, तांदळाची पिशवी हातात द्यायचे आणि घरी चला म्हटलं की एसटीची वेळ सांगायचे. आमच्या घरचं पाणी प्यायले तर भावकी काय म्हणेल, ही त्यांची अडचण. ती त्यांनी लपवली नाही आणि बायकोनंही त्यावरून कधी भांडण काढलं नाही. फक्त बाजारातून आली की ती बराच वेळ ते तांदूळ निवडत बसे.

त्या दिवशी गुडघ्याचा फोटो काढायला ते मंचरच्या दवाखान्यात आले होते. बायको सोबत होती. नंबर उशिरा लागला, डोंगराकडची शेवटची गाडी निघून गेली, तेव्हा दुसरा इलाज नाही म्हणून ते तिच्याबरोबर आले आणि ओट्यावरच्या खुर्चीत बसले. पाणी दिलं तर म्हणाले, तहान नाही. चहा दिला तर म्हणाले, पित्त होतं.

बायकोनं मला आत बोलावलं. "बिअर आणा," ती हळूच म्हणाली. "बाटली सीलबंद असते. तेवढं तरी घेतील."

सासरे पलटणीच्या मेसमध्ये वेटर होते आणि पेन्शनीवर आल्यावरही सणावाराला एखादी बाटली घेत, हे मला तिच्याकडूनच ठाऊक. मी मोटारसायकल काढली आणि मंचरहून दोन थंड बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या.

त्यांनी नको म्हटलं नाही. ग्लास तेवढा नको म्हणाले. बाटली कारखान्यातून आलेली, तोंडाला लावली की झालं. आमच्या भांड्याचा प्रश्नच नाही. मला ते कळलं. माझ्यापुरता ग्लास घेतला.

मी दूध संस्थेचा सचिव. मापात फेस धरायचा नाही हा आमच्याकडचा पहिला नियम, कारण फेस दूध म्हणून मोजला की हिशेब जुळत नाही. त्याच सवयीनं मी ग्लास तिरका धरला, काठावरून हळूहळू धार सोडली आणि एक बुडबुडा न येऊ देता काठोकाठ भरला. मला वाटलं, छान जमलं.

सासरे बघत होते. त्यांची उघडलेली बाटली हातातच राहिली होती.

"अवो पावणं," ते म्हणाले, "ही काय डेरी हाय का?"

त्यापूर्वी त्यांनी मला कशानंच हाक मारली नव्हती.

"का, काय झालं?"

"फेस कुठाय? बिनफेसाची प्यालात तर समदा वारा पोटात जातोय. साहेबाला आसला ग्लास दिला आसता तर मला भांडी घासाय धाडलं आसतं."

त्यांनी मुलीकडून दुसरा ग्लास मागवला. वास घेतला आणि परत दिला. तेलाचा हात लागलेल्या ग्लासात फेस टिकत नाही म्हणाले. तिनं तो पुन्हा धुतला, पुसायला लागली तर म्हणाले, ओलाच दे. मग आपल्या बाटलीतून ओतायला लागले. आधी ग्लास तिरका, निम्म्याच्या वर भरल्यावर सरळ, आणि शेवटची धार थेट मधोमध. दोन बोटं फेस काठाच्या वर फुगला आणि तसाच थांबला, थेंब खाली सांडला नाही. मग डावा हात ग्लासाच्या बुडाशी लावून त्यांनी तो मेसच्या शिस्तीत माझ्यापुढे धरला.

मी माझा ग्लास उचलून दाखवला. "माझा आहे, मामा. हा तुमचा."

ते थांबले. आमचा ग्लास, आमच्या पाण्यानं धुतलेला, त्यांच्या हातात. बायको दारात उभी होती. फेस बारीक आवाज करत फुटत होता आणि त्यांचं सगळं लक्ष त्याच्यावर होतं.

"फेस बसायच्या आत प्यावी लागती," ते कुणाकडेही न बघता म्हणाले, आणि अर्धा ग्लास प्यायले.

बायको आत गेली. थोड्या वेळानं भाकऱ्या थापल्याचा आवाज येऊ लागला.

पुढे ते बऱ्याचदा आले. नातेवाईक म्हणतात, नातवाचा जन्म झाला म्हणून मन वळलं. कुणी म्हणतं, काळ बदलला. मी वाद घालत नाही. मी त्या मेसचे आभार मानतो. मेसनं त्यांना इतकं कडक शिकवलं होतं की वाईट ओतलेला ग्लास त्यांना भावकीपेक्षा जास्त खुपला. आणि त्यांचेही मानतो, कारण तो ग्लास ते खाली ठेवू शकले असते.

त्या रात्री जेवताना त्यांनी आणखी कालवण मागितलं. बायको वाढायला वाकली आणि तिला रडू आलं.

"बस की तू बी," ते म्हणाले. "कवाची उभी हायेस."

ती त्यांच्या शेजारी बसली. वाढायचं काम मग मी केलं.