मूळ प्रत न उघडता

काकांची चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली. घरी गेल्यावर तरी डोळ्यांना विसावा द्यावा, तर तिथंही वाचनच, आणि तेही एकाच लेखिकेचं. तिला जाऊन शंभर वर्षं झाली होती, तरी काका तिला ‘आमच्या बाई’ म्हणत. बाईंच्या सहा कादंबऱ्या दरवर्षी एकदा वाचायच्या, हा नेम लग्नाच्याही आधीचा. बायको पाहुण्यांना सांगायची, सवत आधीपासूनच घरात होती, मीच नंतर आले. काका हसायचे, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्यामुळे मालकांनी बाईंच्या कादंबरीची नवी आवृत्ती काढायला घेतली, तेव्हा काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. प्रूफ तपासताना मूळ प्रत शेजारी ठेवून ओळीला ओळ लावायची असते. नवख्यांना ते स्वतःच हे बजावायचे. या वेळी त्यांनी मूळ प्रत उघडलीसुद्धा नाही. तोंडपाठ पुस्तकाला प्रत कशाला? इथेच काकांनी माती खाल्ली.

अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंकडून दोन पानं एकदम उलटली गेली होती. नायिका आईशी कडाकडा भांडते आणि मग तिची माफी मागते. ती माफीच गळाली. काकांनी ती जागा वाचली, दरवर्षीसारखे त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी खाली सही ठोकली. कागदावर नसलेली माफी त्यांनी मनातल्या मनात वाचून टाकली होती.

पुस्तक बाजारात गेलं आणि वाचकांची पत्रं आली. काकांच्या हातून चूक, तीही या पुस्तकात? मालकांना ते शक्यच वाटेना. दुरुस्त्या घालताना ताईंनीच मजकूर उडवला असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. सही केलेली प्रुफं कपाटात होती, ती कोणी उघडून पाहिली नाहीत. ताईंना पुस्तकांवरून काढून बाटल्यांची लेबलं आणि छापील अर्ज जुळवायला बसवलं. काका तिथंच उभे होते. त्यांची दातखीळ बसली.

चौथ्या दिवशी मात्र त्यांना राहवेना. जेवणाच्या सुट्टीत ते ताईंच्या शेजारी जाऊन बसले.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “मी मूळ प्रत उघडलीच नव्हती.”

ताईंनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, “मला खटकलं होतं, काका. एका ओळीत भांडण आणि दुसऱ्या ओळीत गळ्यात गळा. पण खाली तुमची सही होती. म्हटलं, बाईंनीच तसं लिहिलं असेल.”

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. काका तडक मालकांच्या खोलीत गेले. काय सांगायचं ते ठरवून गेले होते. ते तोंड उघडणार, तोच मालकांनी बाईंच्या दुसऱ्या कादंबरीच्या प्रुफांचा गठ्ठा पुढे सरकवला.

“ही तुमची सगळ्यांत लाडकी ना? दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही.”

काकांनी गठ्ठा घेतला.

जागेवर येऊन त्यांनी मूळ प्रत उघडली आणि ओळीला ओळ लावायला सुरुवात केली. समोर ताई लेबलं जुळवत होत्या. त्यांच्याकडे मान वर करून बघायची काकांना लाज वाटत होती. पण त्याहून मोठी लाज ही, की तिसऱ्या पानाला पोहोचेपर्यंत ताई समोर आहेत हेच ते विसरून गेले.