हर्षलाने दाखवलेली खोटी पट्टी

हर्षला गेल्याचं तिच्या भावाने फोनवर सांगितलं. "ताई, आमची हर्षला नाय राहिली... तापाचं निमित्त झालं." मी तिच्या गावी, आपट्याला, पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याला आता पाच आठवडे झाले. रडू ओसरलं; राग ओसरत नाही.

नवीन पनवेलच्या आमच्या प्रयोगशाळेत ती दहा वर्षं तंत्रज्ञ होती, मी तिच्या शेजारच्या टेबलावर. शरीरातलं इन्सुलिन मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं. ते पेशींमध्ये आहे का, हे शोधायला आम्ही विकत आणलेली एक अँटीबॉडी वापरायचो. ती फक्त त्या एन्झाइमला चिकटते आणि मग फिल्मवर काळी पट्टी उमटते, असा आमचा समज. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, सरांचा, अख्खा शोधनिबंध त्या पट्टीवर उभा होता. हर्षलाने एकदा, कुणी न सांगता, ते एन्झाइम मुळातच काढून टाकलेल्या पेशी तपासल्या. पट्टी यायलाच नको होती. आली, तीही ठसठशीत.

"ताई, ही भलत्यालाच चिकटते," ती म्हणाली. चिडली की तिच्या बोलण्यात आपटा उतरायचा. "आपन लोकांना खोटा सांगतोय. नाय चालनार!"

सरांसमोर तिने फिल्म ठेवली. त्यांनी ती उजेडात धरूनही पाहिली नाही. "तुझं काम नमुने चालवायचं. अर्थ आम्ही लावू." निबंध छापून आला. तिची बदली भांडारात झाली, काचसामान लावायला. आणि मी? मी त्या खोलीत होते, सगळं कळत होतं, निबंधावर माझं नाव तिसरं होतं... मी गप्प बसले.

शोकसभेत सर म्हणाले, "हर्षला अत्यंत आज्ञाधारक होती." आज्ञाधारक! मी उभी राहिले. "नव्हती," म्हटलं. "ती बरोबर होती. आणि सर, ते आपल्याला माहीत होतं." सभा तिथेच संपली.

नंतर भांडारातलं तिचं कपाट मी रिकामं केलं. खालच्या कप्प्यात एक वही सापडली. बदलीनंतरही सुट्टीच्या दिवशी येऊन तिने तीच चाचणी सहा वेळा केली होती, फिल्मा वहीत चिकटवल्या होत्या. प्रत्येकीखाली तारीख आणि तिची तिरकी सही. त्यांचे फोटो, आणि माझं नाव काढावं अशी विनंती, मी तो निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पाठवली आहे. उत्तर आलेलं नाही. सरांनी वही दोनदा मागितली. ती माझ्या खणात आहे, आणि खणाची किल्ली माझ्याकडे.