पाण्याला घाई लावणारा मिलिंद

मिलिंद गेल्याचं मला त्याच्या आईनंच फोन करून सांगितलं. "सलीम, आपला मिलिंद गेला रं. झोपेतच." काकूंनी फोन मात्र ठेवला नाही. मी परीक्षेचे पेपर तपासत होतो. हातातला पेपर तसाच राहिला. पुण्यात, भाड्याच्या खोलीत, चाळिशीही न ओलांडलेला माणूस झोपेत जातो, यावर माझा अजून विश्वास बसत नाही, आणि रागही जात नाही.

नळदुर्गच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. मी इथंच विज्ञानाचा मास्तर झालो, तो पुण्याच्या एका प्रयोगशाळेत गेला. तिथं तो काय करायचा, हे गावात सांगणं अवघड. पाणी आणि जळणारा वायू भरपूर दाबाखाली, थंडीत एकत्र ठेवले की पाण्याचे पिंजरे तयार होतात आणि वायू त्यात कोंडला जातो. दिसायला बर्फ, पण काडी लावली तर पेटणारा. असा वायू साठवता येतो, लांबवर नेता येतो. अडचण एकच, पाणी लवकर मनावर घेत नाही. तासन्‌तास नुसतं बसून राहतं. मग त्यात चिमूटभर काहीतरी घालायचं, कधी साबणातलं एखादं द्रव्य, कधी प्रथिनांमधलं, की पिंजरे भराभर बांधले जातात. ती चिमूट शोधण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. "पाण्याला घाई लावायला पगार देतेत व्हय तुला?" असं मी चिडवायचो. तो हसायचा. स्वतः मात्र कमालीचा सावकाश माणूस. त्याचा चहा नेहमी गार व्हायचा.

गेल्या थंडीत घरी आला तेव्हा काचेची एक बंद बाटली त्यानं आईच्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या खणाखाली ठेवली. आत पाणी आणि उग्र वासाचं एक रसायन. त्याच्यामुळं दाबाशिवायच पिंजरे बनतात. शेजारच्या तांब्यातलं पाणी पाणीच राहायचं, ही बाटली मात्र पांढरी गोठायची.

"आई, ह्ये पाणी ध्यानात ठेवतंय," तो म्हणाला. "एकदा गोठून वितळलं की दुसऱ्या बारीला लवकर गोठतंय. फकस्त लई ऊब लागली की इसरतंय."

हे खरं आहे. असं का होतं, यावर मात्र जाणकारांचं अजून एकमत नाही...

मिलिंद गेल्यावर बौद्ध रीतीनं जलदानाचा विधी झाला, पाहुणे पांगले. नंतर एका दुपारी काकूंनी मला बोलावून घेतलं. लाइट गेली होती, बाटलीतलं सगळं वितळलं होतं. लाइट आल्यावर थोड्या वेळानं त्यांनी फ्रिज उघडला, तर पाण्यातून पांढरे काटे वर चढत होते.

"आमच्यात आत्मा मानत न्हाईत, सलीम," काकू म्हणाल्या. "म्या बी मानत न्हाय. पर ह्ये पाणी त्याच्या हातचं हाय, आन् ते त्याला इसरत न्हाय."

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला या बाईनं आयुष्यभर घरातून हाकलून लावलं होतं. म्हणून तर मला भीती वाटली.

मे महिन्यात वादळानं विजेचे खांब पडले. लाइट परत आली तेव्हा बाटली चांगलीच कोमट झाली होती. दिवस गेले, पाणी गोठेना. काकू धड जेवेनात, फ्रिजपासून हलेनात. मिलिंदच्या पुण्याहून आणलेल्या सामानात, पाण्याला घाई लावणाऱ्या त्या पांढऱ्या पावडरीच्या डब्या होत्या, त्यातली एक खिशात घालून मी गेलो.

"चिमूटभर टाकतो, काकू. लगेच गोठंल."

"नगं," त्या म्हणाल्या. "त्यानं बंद केलेली बाटली हाय. आन् त्याला कंदी कशाची घाई नव्हती."

त्यांनी बाटली जागेवर ठेवून दार लावलं. आम्ही तिथंच फरशीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं आतून, काच हळूच तडकावी तसा बारीक आवाज आला. मी दाराकडं हात नेला. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"उघडू नगंस," त्या म्हणाल्या. "ऊब लागंल त्याला."