घोड्याला जागा होती

ओल्या लोकरी स्वेटरला घोड्यासारखा वास आला, आणि मी मनानं पुन्हा जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या त्या चौकात उभी राहिले. तिथे शिकत होते तेव्हाची गोष्ट. एका भटक्या रोमा कुटुंबाला नगरपालिका माळावरून हुसकावत होती, म्हणून मी पत्रकं वाटत होते. शेजारी त्या घरातली म्हातारी मारा, आणि तिचा टिंकर: काळापांढरा, बुटका, दणकट घोडा, खुरांवर केसांच्या झालरी.

“किती गोड!” म्हणत सगळे त्याला कुरवाळत होते. पत्रक कुणी घेईल तर शपथ!

एक बाई माराला म्हणाली, “याला आमच्या तबेल्यात जागा आहे.”

“आणि यांना?” मी ताडकन विचारलं.

“आल्झो... म्हणजे, ते नगरपालिका बघेल.” ती चालू लागली.

मारा हसली. “आमची पोरं याच्या पोटाखाली खेळली, पोरी. म्हणून हा एवढा शांत. आमच्याशिवाय असा राहील होय?”

चौकातली गर्दी ओसरली. घोड्यानं माझ्या खांद्यावर मान टेकवली. या देशात आल्यापासून इतकं जवळ कुणी आलं नव्हतं. मी हललेच नाही.

पुढे माळ रिकामा झाला. ते कुठे गेले, कळलं नाही.

तेव्हा वाटलं होतं, घोडा मला धीर देतोय. आता वाटतं, टेकायला जागा त्यालाच हवी होती.