अमेरिका म्हणजे नक्की कोण?

मंगळवार, स्टुटगार्ट. बरेच महिने या ब्लॉगवर फिरकले नाही, माफ करा. आज मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमची कंपनी अमेरिकेतल्या गाड्यांसाठी धुरातलं प्रदूषण कमी करणारा एक सुटा भाग बनवते. दुपारच्या मीटिंगमध्ये माझे बॉस वेबर म्हणाले, "वॉशिंग्टनने नियम सैल केलेत. प्रोजेक्ट बंद करू या." शेजारी बसलेल्या केतकीचा चेहरा उतरला. तिची नोकरी आणि व्हिसा याच प्रोजेक्टवर टिकून आहेत.

मी म्हटलं, "वॉशिंग्टन म्हणजे सगळी अमेरिका नाही. कॅलिफोर्निया आपले कडक नियम सोडायला तयार नाही आणि या वादावर कोर्टाचा निकाल अजून यायचाय."

"एका देशाची तीन मतं?"

"आपल्या शाळांच्या सुट्ट्या शेजारच्या बायर्न राज्याशी कधी जुळल्यात?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत ते हसले आणि त्यांनी तिथूनच अमेरिकेतल्या ग्राहकाला फोन लावला. उत्तर आलं, "निकाल लागेपर्यंत तो भाग आम्हाला हवाच. थांबू नका."

बाहेर आल्यावर केतकी म्हणाली, "ताई, मी घर सोडायची नोटीस देणार होते. आता नको ना?"

"अगं, आधी चहा पिऊ."

तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागत नाहीयेत. तरी मनाला विचारलंच, उद्या कोर्टाने उलटा निकाल दिला तर? देऊ दे. आज जे खरं होतं, ते मी वेळेवर बोलले.

"सरकार म्हणतंय" असं कुणी सांगितलं की तुम्ही "कोणतं सरकार?" असं विचारता का?

उद्याचं काम: केतकीचा करार वाढवायला वेबरांची सही घेणे.