कोरड्या बुटांचा नकाशा

नगररचना कार्यालयातले निवृत्त आरेखक गुरुराज यांची तंजावुरात एकाच गोष्टीबद्दल ख्याती होती: नोकरीभर त्यांच्या बुटांना चिखल लागला नाही. कावेरीच्या खोऱ्यातली तळी आणि पाणथळी त्यांनी पाहिली ती नेमाने वैशाखात. मेट्टूर धरणाचे पाणी बंद, कालवे कोरडे, जीप थेट तळ्याच्या पोटात. जिथे जीप रुतत नाही ती कोरडी जमीन, हे त्यांचे शास्त्र. भूवापर आराखड्यात अशी कितीतरी तळी त्यांनी पिवळ्या रंगाने निवासी करून टाकली.

तिरुवैयारूच्या वाटेवरचे एक तळे तर त्यांना इतके पसंत पडले, की निवृत्तीनंतर त्यांनी तिथेच घर बांधले. परसात एवढे बगळे कशाला जमतात, असे पत्नी चंद्रमतीबाईंनी वास्तुशांतीलाच विचारले होते. बगळ्यांना नकाशा वाचता येत नाही, असे उत्तर मिळाले.

ऐप्पसीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला, पाऊस लागला आणि तळे आपल्या जागी परत आले. खाली कमरेइतके पाणी, दोघे माडीवर. भिंतींना तडे जाऊ लागले, तेव्हा गुरुराज जुन्या कार्यालयात धावले: सांडवा बुजला आहे, उपसून द्या, नाहीतर घर जाईल.

पाणथळ संवर्धनाचे काम आता सौम्याकडे होते. राजवाड्यामागच्या गल्लीतली ती मुलगी घरच्या मराठीतच बोलली. तळे म्हणून नोंद झाली तर सांडवा उपसता येईल, पण तळ्यातले घर अतिक्रमण ठरून पाडावे लागेल. आणि तळेच नसेल, तर नसलेल्या तळ्याचा सांडवा सरकार उपसणार कसा?

“तुम्हीच सांगा, मामा. तेथें तळें आहे कां नाही?”

गुरुराजांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिले. पिवळा रंग अजून ताजा होता, आणि हात त्यांचाच होता. मग त्यांनी उत्तर दिले, आणि पुढची पाहणी वैशाखात ठेवावी, अशी नम्र सूचनाही केली.

परतताना त्यांनी बूट काढून डोक्यावर धरले आणि अंगणात शिरले. चंद्रमतीबाई माडीच्या कठड्याशी उभ्या होत्या.

“काय सांगून आलांत?”

“तळें नाही म्हणून.”

“बरें केलें. आतां जपून या. पायरी दिसत नाही, काल मी तेथेंच पडलें.”